मोठ्या वयात मेंदू कसा शिकतो : रुग्णाला आणि घरच्यांना शिकवताना उपयोगी पडणारी माहिती

रुग्णालयातून घरी सोडतात त्या दिवशी घरच्यांची धावपळ असते. बिल, विम्याचे कागद, औषधांची पिशवी, गाडी. याच गडबडीत कोणीतरी येऊन इन्सुलिन कसे घ्यायचे, साखर कधी तपासायची, कोणती गोळी बंद झाली, काय खायचे आणि परत कधी यायचे हे सगळे दहा मिनिटांत सांगते. शेवटी 'समजलं ना?' असा प्रश्न येतो आणि सगळे मान डोलावतात. आठवड्याने तपासणीला आल्यावर कळते की इन्सुलिन रोज एकाच जागी टोचले जात होते, किंवा बंद केलेली गोळी चालूच होती.

यात घरचे निष्काळजी नसतात आणि रुग्णही 'ढ' नसतो. आपण ज्या पद्धतीने सांगतो, त्या पद्धतीने मेंदूत फारसे काही टिकत नाही, एवढेच. मेंदूच्या संशोधनातून शिकण्याबद्दल बरेच काही कळले आहे. त्याचा वापर शाळा-कॉलेजांत थोडाफार होतो. पण मोठ्या माणसांना, त्यातही आजारी माणसांना शिकवताना तो क्वचितच होतो. घरी इन्सुलिन, इन्हेलर, पथ्य किंवा रोजचे व्यायाम शिकायचे आणि शिकवायचे असतील तर खालची माहिती कामाला येईल.

मोठेपणी मेंदू खरोखर शिकतो का?

'आता या वयात काय शिकणार' हे वाक्य दवाखान्यात रोज ऐकू येते. रुग्ण ते स्वतःबद्दल म्हणतो आणि मुले त्याच्याबद्दल म्हणतात. ते शास्त्राला धरून नाही.

लंडनमध्ये टॅक्सीचा परवाना मिळवण्यासाठी शहरातल्या सुमारे पंचवीस हजार रस्त्यांची माहिती तोंडपाठ करावी लागते. त्याला तीन-चार वर्षे लागतात. असे शिकणाऱ्या प्रौढांच्या मेंदूचे स्कॅन सुरुवातीला आणि परीक्षेनंतर काढून पाहिले गेले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, जे उत्तीर्ण झाले त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग वाढलेला दिसला. हिप्पोकॅम्पस म्हणजे कानशिलाच्या आतल्या बाजूला असलेला, नवी आठवण तयार करणारा मेंदूचा भाग. जे अनुत्तीर्ण झाले आणि ज्यांनी हे शिकलेच नाही, त्यांच्यात अशी वाढ दिसली नाही. तीन चेंडू हवेत झेलायला शिकलेल्या तरुणांमध्ये, आणि पुढे साठीच्या आसपासच्या लोकांमध्येही, सरावाने मेंदूच्या काही भागांत वाढ दिसली. सराव सुटल्यावर ती कमीही झाली. म्हणजे मेंदू शिकतो, पण वापर थांबला की जागा मोकळी करतो.

आपल्या जवळचे उदाहरण लखनौजवळच्या खेड्यांतले आहे. तिथे कधी शाळेत न गेलेल्या, बहुतांश तिशीच्या आसपासच्या प्रौढांना सहा महिने देवनागरी वाचायला-लिहायला शिकवले. या गटात स्त्रिया जास्त होत्या. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, वाचायला शिकल्यावर डोळ्यांकडून येणारी माहिती हाताळणाऱ्या भागांचे आपसातले दुवे घट्ट झालेले दिसले. अभ्यास लहान होता, त्यामुळे त्यावर फार मोठे इमले बांधू नयेत. पण सहा महिन्यांत, मोठ्या वयात, इतक्या मूलभूत गोष्टीत मेंदू बदलू शकतो असे दिसणे हे महत्त्वाचे आहे. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली, तीही साठी ओलांडलेल्यांसाठी. गुलाबी साडी नेसून, पाठीला दप्तर लावून त्या शाळेत जातात. त्यांचे फोटो अनेकांनी पाहिले असतील.

वयाने काही बदलत नाही असे मात्र नाही. एका वेळी डोक्यात धरून ठेवता येणाऱ्या गोष्टी कमी होतात, वेग मंदावतो, गोंगाटात लक्ष लावणे अवघड जाते. याउलट शब्दसंग्रह, अनुभव आणि तारतम्य साठी-सत्तरीपर्यंत टिकते, कित्येकदा वाढते. म्हणून वयस्क माणसाला कमी शिकवायचे नसते. त्याला थोडे थोडे, सावकाश आणि त्याच्या अनुभवाला जोडून शिकवायचे असते.

सांगितलेले जाते कुठे?

मेंदूत नवी माहिती आधी 'कार्यकारी स्मृती'त येते. तिला आपण डोक्यातला ओटा म्हणू. त्यावर एका वेळी साधारण चार गोष्टी मावतात. पाचवी ठेवली की पहिली खाली पडते. फोन नंबर ऐकता ऐकता कोणी हाक मारली की नंबर जातो, तो याच ओट्यावरून. ओट्यावरचे उचलून फडताळात, म्हणजे दीर्घकालीन स्मृतीत, ठेवायला वेळ, लक्ष आणि परत परत वापर लागतो.

डॉक्टरांनी सांगितलेल्या माहितीपैकी ४० ते ८० टक्के भाग रुग्ण लगेचच विसरतात, आणि जे आठवते त्यातले जवळजवळ अर्धे चुकीचे आठवते, असे याविषयीच्या अभ्यासांत आढळले आहे. जितके जास्त सांगावे तितके जास्त विसरले जाते. त्यात निदान ऐकून बसलेला धक्का असतो. 'कॅन्सर' किंवा 'डायलिसिस' हा शब्द कानावर पडल्यानंतरची दहा मिनिटे अनेकांना आठवतच नाहीत. भीतीच्या क्षणी मेंदूचे सारे लक्ष त्या एका शब्दावर खिळते आणि आजूबाजूचे निसटते. हा मेंदूचा स्वभाव आहे, दोष नाही.

म्हणून पहिल्या दिवशी फक्त जिवाशी संबंध असलेल्या दोन-तीन गोष्टी पक्क्या कराव्यात. नव्याने इन्सुलिन सुरू झालेल्याला पहिल्या दिवशी काय यायला हवे? किती युनिट आणि केव्हा, टोचायचे कसे, आणि साखर एकदम कमी झाली तर काय करायचे. बाकी आहाराचा तक्ता, पायांची काळजी, डोळ्यांची तपासणी हे सगळे महत्त्वाचेच आहे, पण ते पुढच्या भेटीत. डॉक्टरांना 'आज घरी जाताना सगळ्यात महत्त्वाचे काय, तेवढेच आधी सांगा' असे म्हणायला संकोच वाटू देऊ नका.

आणखी एक आपल्याकडची अडचण. माहिती ज्याला सांगितली जाते तो आणि काम करणारा, ही दोन वेगळी माणसे असतात. ओपीडीत मुलगा समोर बसतो, त्याला सगळे सांगितले जाते. घरी इन्सुलिन देते सून किंवा पत्नी, आणि ती बाहेर बाकावर बसलेली असते. जी व्यक्ती रोज ते काम करणार आहे तिनेच आत यावे. रुग्ण स्वतः करू शकत असेल तर आधी तोच शिकला पाहिजे. वय झाले म्हणून त्याच्या वतीने इतरांनी शिकून घेणे हे प्रेमापोटी होते, पण त्याने तो परावलंबी होतो.

वाचणे आणि आठवणे

हा या लेखातला सगळ्यात उपयोगी भाग आहे.

कागद पुन्हा पुन्हा वाचला की वाटते, आता आले. ओळखीचे वाटणे आणि आठवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने एकदाच वाचला आणि नंतर तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा चित्र उलटले. वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवत होते, तर आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६० टक्के. दरवेळी आठवण बाहेर काढताना तिचा मार्ग मेंदूत पक्का होतो. शेतातली पाऊलवाट जशी चालण्याने होते, नुसती पाहून होत नाही, तसेच.

आपल्याकडे पाठांतराला 'घोकंपट्टी' म्हणून नावे ठेवतात. पण जुन्या शाळेत पाढे, पावकी, निमकी म्हणवून घेत. मास्तर मध्येच कोणालाही उठवून पुढचे म्हणायला लावत. ते 'आठवून काढणे'च होते. वाईट होती ती छडी, आणि ती न आणताही हे करता येते.

म्हणून 'समजलं का?' हा प्रश्न निरुपयोगी आहे. त्याला उत्तर 'हो' हेच मिळते. त्याऐवजी शिकवणाऱ्याने परत सांगायला किंवा करून दाखवायला सांगावे. आरोग्यसेवेत ही मान्य झालेली पद्धत आहे. चांगली सिस्टर ते असे विचारते : 'ताई, मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. उद्या सकाळी सात वाजता सासऱ्यांना इन्सुलिन द्यायचं आहे असं समजा. पहिल्यांदा काय कराल?' यात परीक्षा सांगणाऱ्याची आहे, ऐकणाऱ्याची नाही. त्यामुळे लाज वाटत नाही. काही चुकले तर तेवढेच पुन्हा सांगून पुन्हा विचारायचे.

घरीही हे करता येते. संध्याकाळी चहा घेताना मुलाने वडिलांना विचारावे, 'बाबा, समजा दुपारी तुम्हाला एकदम घाम सुटला, हात थरथरायला लागले, तर काय कराल?' वडिलांनी न बघता सांगावे : बसेन, साखर तपासेन, ७० पेक्षा कमी असेल तर किंवा तपासायला वेळ नसेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून पिईन, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासेन. आणि घरच्यांनी स्वतःसाठी पाठ करायचे ते हे : माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचे नाही, लगेच रुग्णालय. हा दोन मिनिटांचा प्रश्नोत्तरांचा खेळ आठवड्यातून दोनदा केला तरी तो कपाटातल्या माहितीपत्रकापेक्षा कितीतरी जास्त काम करतो.

हातांची आठवण वेगळी असते

१९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणावर तीव्र अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली. त्यात मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराच भाग काढला गेला. फिट्स कमी झाल्या, पण त्याला नवे काही लक्षात ठेवता येईना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. हे काम कोणालाही सुरुवातीला जमत नाही. तीन दिवसांत त्याचा हात चांगला बसला. आपण हे पूर्वी केले आहे याची मात्र त्याला अजिबात आठवण नव्हती.

यावरून कळले की 'माहीत असणे' आणि 'करता येणे' यांच्यासाठी मेंदूत वेगवेगळ्या व्यवस्था आहेत. सायकल, शिलाई, पोळी लाटणे या दुसऱ्या व्यवस्थेतल्या गोष्टी. इन्सुलिन टोचणे, इन्हेलर ओढणे, पोटावरच्या पिशवीची काळजी घेणे, लकवा झालेल्या माणसाला खाटेवरून खुर्चीत बसवणे, हीसुद्धा हातांची कामे आहेत. ती सांगून येत नाहीत. कोणाला पोळी लाटायला शब्दांनी शिकवून बघा.

त्यामुळे रुग्णालयात असतानाच सिस्टरसमोर स्वतःच्या हाताने करून बघण्याचा आग्रह धरा. एकदा तिने करायचे, एकदा दोघांनी मिळून, आणि मग निदान दोनदा तुम्ही एकट्याने. सिस्टरची परवानगी घेऊन मोबाइलवर व्हिडिओ काढावा, पण तो तिच्या हातांचा नव्हे, तुमच्या हातांचा. आपला बरोबर केलेला व्हिडिओ घरी जास्त उपयोगी पडतो, कारण त्यात आपलीच बाटली, आपलीच सिरिंज आणि आपलाच गोंधळ कुठे होतो ते दिसते.

थोडे थोडे, अंतर ठेवून

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग करून १८८५ साली दाखवले की शिकलेले आपण सुरुवातीला फार वेगाने विसरतो आणि नंतर सावकाश. विसरण्याचा मोठा भाग पहिल्या एक-दोन दिवसांतच होतो. म्हणजे उजळणी करायची वेळ महिन्यानंतरची नाही, उद्याची आहे.

अंतराचे महत्त्व दाखवणारा एक प्रयोग ब्रिटनच्या टपाल खात्यात झाला. पत्रांच्या वर्गवारीसाठी पोस्टमनना टायपिंग शिकवायचे होते. काहींना दिवसाला एकच तास शिकवले, तर काहींना दिवसातून दोनदा दोन-दोन तास. दिवसाला एक तासवाले एकूण कितीतरी कमी तासांत तेवढेच कसब शिकले. गंमत पुढे आहे : सगळ्यात कमी समाधानी तेच होते! दिवस जास्त लागत असल्याने आपण मागे पडतोय असे त्यांना वाटत होते. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. चांगले शिकणे त्या क्षणी संथ आणि कष्टाचे वाटते, आणि भरभर झाल्याचा आनंद अनेकदा फसवा असतो.

लकव्यानंतरचे व्यायामही याच न्यायाने रविवारी दोन तास करण्यापेक्षा रोज थोडे थोडे, दिवसातून काही वेळा करणे चांगले. नवे काही शिकवले तर त्याच संध्याकाळी एकदा, दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी आणि मग आठवड्याने विचारावे.

झोपही याच खात्यात मोडते. दिवसभरात शिकलेले हिप्पोकॅम्पस झोपेत पुन्हा चालवतो आणि हळूहळू मेंदूच्या बाह्य आवरणाकडे सोपवतो. रात्रभर आयसीयूबाहेर जागलेल्या मुलीला सकाळी औषधांचा तक्ता समजावणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तिला आधी झोपू द्यावे, किंवा दुसऱ्या, झोप झालेल्या माणसाला बोलवावे.

आधीचे ज्ञान : मदत आणि घात

मुलाची पाटी कोरी असते, मोठ्या माणसाची भरलेली असते. नवी गोष्ट जुन्या खुंटीला टांगली की पटकन राहते. अक्षरओळख नसलेल्या कितीतरी आज्यांना शेकडो ओव्या मुखोद्गत असतात. त्यांना 'गोळ्या लक्षात राहत नाहीत' म्हणणे चुकीचे आहे. त्या गोळ्यांना खुंटी मिळालेली नसते. सकाळची देवपूजा, दुपारचे जेवण, संध्याकाळचा दिवा यांना गोळी जोडली की ती राहते. 'दर बारा तासांनी' हे राहत नाही. शेतकऱ्याला हृदयाच्या अडलेल्या रक्तवाहिनीबद्दल पाटाच्या तुंबलेल्या चरीवरून लगेच समजते. मधुमेहात मात्र 'गोड खाल्ले नाही म्हणजे झाले' ही जुनी खुंटी इतकी पक्की असते की भात, पोळी, साबुदाणा यांतूनही साखर वाढते हे डोक्यात शिरत नाही. अशा वेळी नवे सांगण्याआधी 'तुम्हाला काय वाटते, साखर कशाने वाढते?' असे विचारून जुने बाहेर काढावे लागते. ते तसेच राहिले तर नवे त्याच्याखाली दबते.

जुन्या सवयीचा घात सगळ्यात जास्त कुठे होतो ते इथे सविस्तर सांगणे गरजेचे आहे. आपल्याकडे इन्सुलिनची बाटली बहुधा एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटची असते, आणि तिची सिरिंज लाल टोपणाची. काही बाटल्या १०० युनिटच्या असतात, त्यांची सिरिंज नारिंगी टोपणाची. पेनमधले इन्सुलिन सहसा १०० चे असते. वर्षभर ४० च्या बाटलीतून वीसच्या रेघेपर्यंत भरायची सवय हाताला लागलेली असते. एक दिवस दुकानदार १०० ची बाटली देतो आणि हात जुन्याच लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये वीसच्या रेघेपर्यंत भरतो. प्रत्यक्षात शरीरात ५० युनिट जातात, म्हणजे अडीचपट. साखर जीवघेणी कमी होऊ शकते. उलटे झाले, म्हणजे ४० ची बाटली आणि १०० ची सिरिंज, तर २० ऐवजी ८ च युनिट जातात आणि साखर चढत राहते. इथे माणूस विसरलेला नसतो. हाताला पक्के आठवत असते, तोच धोका असतो. म्हणून नवी बाटली आणली की 'बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतो का' हे मोठ्याने वाचायची सवय लावा. मोठ्याने वाचले की हाताचा वेग तुटतो आणि लक्ष परत येते. पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने इन्सुलिन काढणेही टाळा.

दम्याच्या औषधांतही हेच होते. पावडरचे कॅप्सूल घालून ओढायचा इन्हेलर जोरात आणि झटकन ओढायचा असतो. फवाऱ्याचा पंप मात्र सावकाश, खोल ओढून दहा सेकंद श्वास रोखायचा असतो. एकाची सवय दुसऱ्याला लागली की औषध घशातच राहते आणि रुग्ण म्हणतो, 'हा पंप लागू पडत नाही.' औषध बदलण्याआधी तुम्ही तो कसा ओढता हे डॉक्टरांना एकदा करून दाखवा. शक्य असेल तर दोन वेगळ्या प्रकारचे इन्हेलर एकाच वेळी सुरू करू नयेत असे माझे मत आहे.

चुका होऊ द्याव्यात का?

स्मृती ठीक असलेल्या माणसाला आधी आठवायचा प्रयत्न करू द्यावा, चुकले तर लगेच सुधारावे. चुकीनंतर मिळालेले बरोबर उत्तर चांगले लक्षात राहते. अर्थात सरावात. खऱ्या इन्सुलिनवर चूक होऊ द्यायची नसते.

स्मृतीच खराब झालेल्या माणसाचे उलट असते. डोक्याला मार लागल्यानंतर, काही पक्षाघातांनंतर किंवा स्मृतिभ्रंशात माणसाला 'मी चुकलो होतो' ही घटना आठवत नाही, पण चुकीची सवय मात्र लागते. मोलेसनसारखेच. अशा रुग्णांना अंदाज करायला लावू नये, असे १९९४ पासूनच्या संशोधनातून दिसते. 'आठवा बघू, चष्मा कुठे ठेवता?' असे छेडण्याऐवजी 'चष्मा इथे, टीव्हीशेजारच्या डब्यात' असे सांगून लगेच त्यांच्याकडून तोच डबा उघडून घ्यावा. मग अर्ध्या मिनिटाने विचारावे, मग एका, दोन, चार मिनिटांनी. मधले अंतर हळूहळू वाढवायचे. उत्तर चुकले तर बरोबर उत्तर सांगून मागच्या छोट्या अंतरावर परत यायचे. या पद्धतीने सौम्य ते मध्यम स्मृतिभ्रंश असलेल्या माणसांनाही एखादी गरजेची गोष्ट शिकता येते. एका वेळी एकच गोष्ट घ्यावी. 'आत्ताच तर सांगितलं!' हे वाक्य मात्र घरातून हद्दपार करावे. त्याने आठवण येत नाही, फक्त भीती वाढते.

मेंदूच्या नावाने विकले जाणारे

माणूस मेंदूचा फक्त दहा टक्के भाग वापरतो, हे खोटे आहे. उजव्या मेंदूची आणि डाव्या मेंदूची माणसे वेगळी असतात, हेही. 'मी डोळ्यांनी शिकणारा, तो कानांनी शिकणारा' अशी विभागणी लोकप्रिय आहे, पण त्यानुसार शिकवल्याने फायदा होतो याचा पुरावा मिळालेला नाही. चित्र सगळ्यांनाच उपयोगी असते. बुद्धी वाढवणाऱ्या मोबाइल खेळांनी माणूस मुख्यतः तो खेळच चांगला खेळू लागतो. अशा दाव्यांबद्दल अमेरिकेत २०१६ साली एका कंपनीला वीस लाख डॉलर भरावे लागले. स्मरणशक्तीच्या टॉनिकवर महिन्याला हजार रुपये घालवण्याआधी पुढचा भाग वाचा.

शिकणे जमत नसेल तर काय तपासावे

चांगल्या पद्धतीने शिकवूनही जमत नसेल तर 'वय झाले' हे निदान शेवटी करावे. सगळ्यात आधी कान आणि डोळे. मोतीबिंदू असलेल्या माणसाला सिरिंजवरच्या रेघा दिसत नाहीत आणि तो ते सांगत नाही. ऐकू कमी येणारी माणसे हसून मान डोलावतात. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे मांडली, त्यांत कमी ऐकू येणे आहे. त्यामुळे श्रवणयंत्र ही चैन समजू नये.

रक्तात थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्यावे. बी-१२ ची कमतरता शाकाहारी लोकांत आणि वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बरीच आढळते. नैराश्यातला माणूस 'मला काही लक्षात राहत नाही' अशी तक्रार स्वतः घेऊन येतो, आणि उपचारांनी त्यात चांगला फरक पडू शकतो. मोठ्याने घोरणाऱ्या, दिवसा पेंगणाऱ्या माणसाला झोपेत श्वास अडकण्याचा आजार असू शकतो. औषधांची पूर्ण पिशवी डॉक्टरांसमोर रिकामी करा. सर्दीच्या आणि खाजेच्या जुन्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, लघवी वारंवार होऊ नये म्हणून दिलेल्या काही गोळ्या आणि अमिट्रिप्टिलिनसारखी औषधे वयस्क मेंदूला गुंगवतात. मात्र त्या मनाने एकदम बंद करू नका. डॉक्टरांना विचारून, गरजेप्रमाणे हळूहळू कमी करायच्या असतात.

काही महिन्यांत हळूहळू वाढलेला विसराळूपणा, नेहमीच्या रस्त्यावर चुकणे, हिशेबात किंवा स्वयंपाकात पूर्वी न होणारे घोळ यांसाठी मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञांची वेळ घ्या. कालपर्यंत ठीक असलेला माणूस एक-दोन दिवसांत गोंधळला, असंबद्ध बोलू लागला, रात्री जागा आणि दिवसा झोपलेला राहू लागला, तर तो विसराळूपणा नव्हे. मूत्रमार्गाचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, सोडियम कमी होणे, मलावरोध, नवे औषध, डोक्याला लागलेला मार यांपैकी काहीही कारण असू शकते. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणारा असेल तर आधी ग्लुकोमीटरवर साखर बघा आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या. तोंड वाकडे होणे, एका बाजूची ताकद जाणे किंवा बोलणे अडखळणे असेल तर साखर बघण्यातही वेळ दवडू नका. १०८ ला फोन करा आणि लक्षणे नेमकी किती वाजता सुरू झाली ते कागदावर लिहून बरोबर ठेवा.